हशाची जागा

मुंबई,
४ जून २०२३

प्रिय सरजाआत्या,
सप्रेम जय भीम.

मी मालिका सोडली. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू कपाळाला हात लावून निवांत वाचशील.

'पाणी आलं का?' या मालिकेत नऊ वर्षं मी रखमा मोलकरीण झाले. कमरेवर हात, ओठ वाकडा, आणि "पानी गेलं की वो वैनी!" एवढं म्हटलं की बघणारे पोट धरून हसायचे. दिपाली गजभारे हे नाव कुणालाच आठवत नाही. मुदखेडला गाडीतून उतरले तरी स्टेशनवरचा चहावाला "आली रे रखमा" म्हणून ओरडतो. तेही मी चालवून घेतलं. पण परवा जो भाग लिहून आला, त्यात रखमाची आई मरते. रखमा रडत सुट्टी मागते, मालकीण म्हणते आधी भांडी घास, रखमा रडत रडत घासते, साबण डोळ्यात जातो आणि ती उड्या मारते. मी दिग्दर्शकांना विचारलं, यात हसायचं काय आहे? ते म्हणाले, "तू फक्त वाक्य संपलं की थांब. हसणं आम्ही नंतर भरतो."

तुला माहीत नसेल, आमच्याकडे हशाची जागा म्हणून एक प्रकार असतो. वाक्य म्हणायचं आणि क्षणभर गप्प उभं राहायचं. त्या फटीत नंतर माणसांच्या हसण्याचा आवाज घालतात. इतकी वर्षं मी त्या फटी सोडत आले. त्या दिवशी नाही सोडली. खोचलेला पदर सोडला, बादली खाली ठेवली आणि आत जाऊन तोंड धुतलं.

आता मी सिनेमा करणार आहे. मायवर. बापू गेल्यावर रेल्वेच्या साहेबांच्या क्वार्टरांमधली भांडी घासून जिनं मला शिकवलं, त्या मायवर. मायचं काम मी करणार आणि दिग्दर्शनही मीच करणार. इथं सगळे म्हणतात, रखमाला सिनेमातलं काय कळतं? कळतं की नाही ते त्यांना तिकीट काढून बघायला लावीन. रखमा केली म्हणून मी कुणाची माफी मागणार नाही. त्या कामावर माझं घर चाललं. पण मायची भांडी यापुढे कुणी हसण्यावारी न्यायची नाहीत, एवढं मी ठरवलं आहे.

तू तिची नणंद. सुट्टीत मुदखेडला आलीस की तिच्याबरोबर क्वार्टरांच्या मागच्या दारानं जायचीस. माय आता सांगायला नाही, म्हणून तूच सांग, ती त्या घरांत बोलायची कशी? आणि रागवायचं असेल तर एकदाच काय ते रागव.

तुझी,
दिपाली

⁂

चाकूर,
१६ जून २०२३

चि. दिपाली,
जय भीम आणि आशीर्वाद.

एकदाच रागव म्हणतेस, तर नीटच रागावते. चांगली चाललेली नोकरी कुणी अशी सोडतं का? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात काढली. काही हेडमास्तर असे भेटले की त्यांचं तोंड बघूनच डोकं उठायचं. पण मी हजेरीवर सही करायची सोडली नाही. आणि तू एका साबणापायी उठून आलीस! झालं माझं रागावणं.

आदर्श म्हणतो, आई, मोबाइलवर लिहीत जा. त्या काचेवर बोट टेकलं की भलतंच अक्षर उमटतं. फोनवर मला नीट ऐकू येत नाही. त्यापेक्षा कागद बरा. तुझं अक्षर बघितलं की तू किती तापली आहेस ते तरी कळतं. या खेपेला 'माफी'तल्या म नं कागद फाडलाय. आदर्शची बदली लातूरच्या ऑफिसात झाली आहे, तो शनिवार-रविवार येतो. एरवी घरात सून आरती आणि मी.

वहिनी तिथं कशी बोलायची विचारतेस. ती बोलायचीच नाही. "हाव बाई", "न्हाई बाई", संपलं. घरी आली की मात्र तिच्या तोंडाला दम नसायचा, ते तू ऐकलेलंच आहेस. शेवटच्या क्वार्टरात तिच्यासाठी दांडी तुटलेला एक कप होता. तो खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर पालथा घातलेला असायचा. बाहेरच चहा प्यायचा, बाहेरच्या नळावर धुवायचा, परत कट्ट्यावर ठेवायचा. आत न्यायचा नाही. त्या घरच्या बाई बोलायला फार गोड होत्या, हेही दाखव. नाहीतर लोक म्हणतील, वाईट होत्या म्हणून असं करत होत्या.

तुझी मालिका मी रोज बघत होते. खरं सांगते, तुला बघून मला लई वाईट वाटायचं. रोज वाटायचं. सोडलीस तर निदान तेवढं तरी थांबेल.

जेवणाची आबाळ करू नको.

तुझी आत्या,
सरजाबाई

⁂

मुदखेड,
२० नोव्हेंबर २०२३

आत्या,
जय भीम.

मध्ये इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुझं शेवटचं वाक्य टोचलं. "तुला बघून वाईट वाटायचं." मला नावं ठेवणारे मुंबईत काय कमी होते, म्हणून तू चाकूरहून टोमणा पाठवलास? लाजच वाटत होती, तर मी दिवाळीला यायचे तेव्हा तोंडावर म्हणायचं होतंस. असो. आज कुणाशी तरी बोलावं असं झालं आहे आणि तुझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहिते.

आठवडाभर इथं शूटिंग चालू आहे. निर्माते मिळाले, पण त्यांची अट होती की सिनेमात रखमा पाहिजे. रखमा असेल तर सगळा खर्च त्यांचा, नसेल तर फक्त कॅमेरा वापरायला देतो म्हणाले. मी फक्त कॅमेरा घेतला. आवाज रेकॉर्ड करायला देगलूरचा सत्यम आहे. तो मालिकेत माझ्याबरोबर होता आणि माझ्यापाठोपाठ बाहेर पडला. नट मला नकोच होते. मला आपली माणसं पाहिजे होती, आपल्यासारखं बोलणारी.

आता गंमत वाच. आपल्या शेजारचे पंढरीकाका, रेल्वेत गँगमन होते ते. त्यांना अगदी सोपं काम दिलं. माय कामावरून येते, काका ओट्यावर बसलेले, आणि म्हणतात, "आलीस का? च्या ठिवलाय." बस. एरवी काकांच्या तोंडून हे ऐकलं की घरी आल्यासारखं वाटतं. पण सत्यमनं माईक पुढे धरला, मी 'अ‍ॅक्शन' म्हटलं, आणि काकांनी उठून कमरेवर हात ठेवला, ओठ वाकडा केला आणि रखमाच्या सुरात म्हणाले, "आलीस का गं बयाऽऽ!" आणि थांबले. आत्या, ते थांबले! हशाची जागा सोडून, आभाळाकडे बघत उभे राहिले.

मग किराणा दुकानवाला रेवणसिद्ध उभा केला, तोही रखमा. विहारातल्या बाया आणल्या, सगळ्या रखमा. मी काकांना म्हटलं, "काका, तुमी रोज असं बोलता का?"

"रोजचं बोलणं कॅमेऱ्याफुडं कुटं बोलतेत? टीव्हीत आपली भाषा अशीच असती. तूच तर दावलीस."

"पण काका, ती मी तुमची नक्कल केली होती."

"मंग आता आमी तुझी करायलाव," काका म्हणाले. "फिटंफाट झाली."

सगळे हसले. मी क्वार्टरांच्या मागे जाऊन रडले. आणि यात माझीही सुटका नाही. मायचं वाक्य म्हणून झालं की मीसुद्धा थांबते. माय हात धुते, पदराला पुसते, आणि मी श्वास धरून वाट बघते की आता हसतील. सवयच लागली आहे अंगाला. मायला पडद्यावर आणायला निघाले, आणि येते ती रखमाच.

काल निर्मात्यांचा फोन आला. म्हणाले, "बघ, तुझ्या गावालासुद्धा रखमाच पाहिजे. सही कर, बाकी सगळं मी बघतो." पुढच्या सोमवारी ते नांदेडला येणार आहेत. मी सही करणार आहे. सिनेमा होईल, पण मायचा नाही, रखमाचा होईल. तुला परत वाईट वाटेल, म्हणून आधीच कळवलं.

दिपाली

⁂

चाकूर,
२४ नोव्हेंबर २०२३

दिपे,

सही करायची नाही. हे पत्र आरतीच्या भावाबरोबर पाठवते आहे, तो नांदेडला निघालाय, तिथून मुदखेडला येऊन देईल. टपालानं सोमवार उलटून गेला असता.

टोमणा कुणी मारला गं तुला? आता जे सांगते ते आदर्शलाही माहीत नाही. "नीट ऐकू येत नाही" असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला काहीच ऐकू येत नाही. निवृत्त झाले त्या वर्षापासून नाही. समोरच्याच्या ओठांवरून बरंचसं कळतं, नाही कळलं तिथं मान हलवते. बहिरी म्हटलं की लोक कानाशी येऊन ओरडतात आणि मागं वेड्यात काढतात, ते मला नको होतं. तुझी मालिका सुरू झाली तेव्हा टीव्ही माझ्यापुरता मुकाच होता. तिथले ओठ भराभर हलतात, ते मला धरता येत नाहीत. म्हणजे तुझ्या रखमाचा एक शब्द मी ऐकलेला नाही. लोकांच्या हसण्याचा आवाजही नाही. तो मागून भरतात हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

मला काय दिसायचं ते सांगते. एक बाई रोज दुसऱ्याच्या घरी येते. पदर खोचते. बादली उचलते आणि उचलताना डावा हात पाठीला लावते. घरची बाई तिच्याकडे पाठ करून उभी. ही काहीतरी बोलते आणि थांबते. रोज बोलते आणि रोज थांबते. मला वाटायचं, कुणीतरी उत्तर देईल म्हणून थांबली आहे, आणि कुणी देत नाही.

ती मालिका दुःखाची आहे असंच मी समजत होते, दिपे. आरती शेजारी बसून खिदळायची. मी तिला कितीदा तिथून उठवलं! म्हटलं, बाईचे हाल बघून दात काय काढायलीस? ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून हसायची. विहारात मी बायांना सांगायचे, आमच्या दिपालीचं काम बघून जीव तुटतो. त्या एकमेकींकडे बघायच्या. आता कळलं का बघायच्या ते. हसल्या असतील म्हातारीला. हसू दे. मी जे बघितलं ते तिथं होतं म्हणूनच मला दिसलं.

तो पदर खोचायचा झटका वहिनीचा. तो पाठीवरचा हात वहिनीचा. रखमाची बडबड कुणी का लिहून दिलेली असेना, अंग तू मायचं लावलं होतंस. आणि तू म्हणतेस माय पडद्यावर येत नाही! ती कधीचीच आली आहे.

त्या कपाची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. एक दिवस सगळी भांडी घासून झाल्यावर वहिनीनं आपला कपही त्यांच्या भांड्यांत घेऊन घासला. पुसला. आणि आत जाऊन मांडणीवर त्यांच्या कपांच्या रांगेत मधोमध ठेवला, तुटलेली बाजू पुढे करून. मी मागच्या दारात उभी होते. त्या बाई बघत राहिल्या. वहिनीनं खोचलेला पदर सोडला आणि चपला घातल्या. परत त्या घराची पायरी चढली नाही. वाटेत मी घाबरून विचारलं, "वैनी, आता?" तर म्हणाली, "आता त्येंचं त्येनी बगावं, कोणता ठिवायचा न् कोणता फेकायचा."

तूही मालिकेतून पदर सोडूनच निघालीस ना? मग आता नांदेडला जाऊन परत खोचू नको.

रविवारी मी मुदखेडला पोचते. पंढरीला सांग, मी येईपर्यंत कॅमेऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. कुणीच बोलायचं नाही. आधी नुसती कामं करा, मला बघू द्या.

आत्या

⁂

मुंबई,
१२ मार्च २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

सिनेमा जोडून झाला. नाव ठेवलं आहे 'पालथा कप'. आणि तो कुणीही घेत नाही. आता सविस्तर सांगते.

पण आधी त्या सोमवारबद्दल. निर्माते नांदेडच्या हॉटेलात माझी वाट बघत बसले होते, आणि इकडे आपण पंढरीकाकांकडून चहा गाळून घेत होतो, हे आठवलं की अजून गार वाटतं. तू कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसलीस आणि सगळ्यांना मुकाट कामाला लावलंस. गाळा, पुसा, झाडा, बसा. शेवटी काका इतके कंटाळले, की कॅमेरा चालू आहे हेच विसरले आणि बशी पुसता पुसता आपणहून म्हणाले, "आलीस का? च्या ठिवलाय." सत्यमनं हळूच माईक पुढे सरकवला होता. तेच वाक्य सिनेमात आहे.

तुझं सगळंच बरोबर होतं असं मात्र समजू नकोस. एक चांगला चाललेला शॉट तू "खोटं, खोटं" म्हणून हात वर करून थांबवलास. काका तेव्हा खरोखरच चिडले होते, आणि तुझ्यावरच चिडले होते.

मला थांबायची सवय होती, ती गेली नाही. पण मी आता हशासाठी थांबत नाही. तू लिहिलंस तसं, उत्तरासाठी थांबते. एवढ्यानं चेहरा किती बदलतो ते जोडताना बघितलं आणि मला मायची फार आठवण आली.

आता भांडण. ज्यांनी सिनेमा चित्रपटगृहांत लावायचा, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सगळ्यांचं बोलणं शुद्ध मराठीत परत रेकॉर्ड करा, हे इकडं कुणाला कळायचं नाही. मी म्हटलं, रखमाचं बरं कळत होतं. तर म्हणाले, ते विनोदी होतं. म्हणजे आपलं बोलणं हसायला कळतं आणि रडायला कळत नाही! दुसरं, बाईनं कप मांडणीवर ठेवला हे छान आहे, पण तो आधी बाहेर का होता ते काढून टाका, जातीचं कशाला? मी विचारलं, मग कप बाहेर नव्हताच, तर ती आत काय आणून ठेवते? त्यांनी सिनेमा परत माझ्या हातात दिला.

बरं झालं. मी स्वतः दाखवते. आधी लातूर, मग नांदेड, मग जिथे खुर्च्या आणि वीज असेल तिथे. आदर्शला सांगून लातुरात एक हॉल बघशील का?

तुझी,
दिपाली

⁂

चाकूर,
२ एप्रिल २०२४

चि. दिपाली,
जय भीम.

हॉल मिळाला. मंगल कार्यालय आहे. लग्नाची तारीख नाही असा मे महिन्यातला रविवार धरला. आदर्श फार कामात आहे, त्यामुळे आरती आणि मी जाऊन ठरवलं. खुर्च्या कार्यालयाच्याच आहेत, पडदा सत्यमला आणायला सांग.

निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत मी सगळ्यांना निमंत्रण दिलं. एक गुरुजी म्हणाले, "बाई, आपल्या लोकांतून डॉक्टर झाले, कलेक्टर झाले, ते दाखवा. भांडी कशाला दाखवता?" मी म्हटलं, गुरुजी, तुमचा मुलगा डॉक्टर झाला तो कुणी घासलेल्या भांड्यांवर? ते गप्प झाले. कदाचित काही बोललेही असतील, मी तोवर दुसरीकडे बघत होते. बहिरेपणाचे फायदेही असतात. आता मी ते कुणापासून लपवत नाही.

एक सांगते. लातूरला कुणी काही म्हटलं तरी मागं सरकू नको.

आत्या

⁂

नांदेड,
२० मे २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

काल लातूरला तुझ्याशी बोलायला मिळालं नाही. सामान भरून लगेच निघावं लागलं, नांदेडच्या खेळाची तयारी आहे. म्हणून काल काय झालं ते लिहून कळवते. तू पहिल्या रांगेत होतीस, पडद्याकडे तोंड करून, आणि मागं काय चाललं होतं ते तुला कळलेलं नाही.

आधी हे, की आदर्श कामात नव्हता. त्याचा मला फोन आला होता. "ताई, मामी भांडी घासायची हे आख्ख्या लातूरला कशाला सांगायचं? माझ्या ऑफिसचे लोक बघतील." मी त्याला म्हटलं, बघू देत. तो फोन ठेवून मोकळा झाला. तू हे माझ्यापासून लपवलंस आणि घरात एकटीनं सोसलंस, याचा मला राग आहे. तरी काल तो आला होता. मागं दाराजवळ उभा होता, लगेच निघून जाता येईल असा.

हॉल इतका भरला म्हणून मी खूश होते. मग सत्यमनं बाहेर नेऊन फळा दाखवला. कार्यालयवाल्यानं खडूनं लिहिलं होतं, "टीव्हीवरची रखमा आज लातुरात." तोवर लोक बसले होते, पोरंबाळं घेऊन, हसायच्या तयारीनं.

सिनेमा सुरू झाला. मी पदर खोचला आणि शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "पानी गेलं की वो वैनी!" आणि सगळा हॉल ते म्हणायला लागला. पंढरीकाका "च्या ठिवलाय" म्हणाले, त्यावर टाळ्या. माय बादली उचलते, हशा. माय पाठीला हात लावते, त्याहून मोठा हशा. जागा न सोडताही लोक हसत होते, आत्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटलं, संपलं. या लोकांना मी असं शिकवून ठेवलं आहे की पडद्यावर माझी माय मेली तरी ते हसतील. समोर तू तेवढी ताठ बसून बघत होतीस. मला तुझा हेवा वाटला, आणि त्या हेव्यातूनच सुचलं.

मी सत्यमला म्हटलं, आवाज बंद कर.

"कोणता?"

"सगळा."

"लोक गोंधळ घालतेत, ताई."

"घालू दे."

त्यानं बंद केला. लगेच "आवाज! आवाज!" म्हणून आरडाओरडा सुरू झाला, कुणी खुर्ची आपटली. मी पडद्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "मशीन बिगडलं न्हाई. मी बंद केलंय. ही माजी माय हाय. माज्या आत्यानं मला इतके वर्स असंच बगितलं, आवाजाबिगर. तुमी जरा वेळ बगा. ज्येला रखमा पायजे त्यानं घरी जावं, ती टीव्हीवर फुकट हाय!"

काही जण उठून गेले. जाऊ दिले. बाकीचे बसले, काही रागानं, काही नुसतेच. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. पडद्यावर माय कट्ट्यावरचा पालथा कप सुलटा करते, खिडकीतून चहा ओततात, ती बाहेर उभी राहून पिते. आत बघून काहीतरी बोलते. थांबते. कुणी हसलं नाही. ती अजून थांबलेली. आणि मागच्या रांगांतून एक बाई जोरात म्हणाली, "आगं, बोला की कुणीतरी तिच्यासंगं!"

आत्या, तू पत्रात लिहिलं होतंस तेच ती म्हणाली, आणि ती तुला ओळखतही नाही. मी सत्यमला खूण केली, त्यानं आवाज सुरू केला. त्यानंतर लोक ऐकत होते. आपलं रोजचं बोलणं, आणि त्यावर कुणी शिटी मारली नाही. मायनं मांडणीवर कप ठेवला तेव्हा त्याचा टक असा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

मी रात्रीत ठरवलं आहे. यापुढे जिथे दाखवीन तिथे तेवढा भाग मुकाच राहील. कुणाला पटो न पटो. दोन जूनला नांदेड. येशील ना?

तुझी,
दिपाली

⁂

चाकूर,
२७ मे २०२४

चि. दिपाली,
जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

आवाज बंद केला होतास हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला तर सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच दिसला. मध्येच तू पडद्याजवळ येऊन हातवारे करत कुणाशी तरी भांडलीस तेवढं दिसलं. मला वाटलं पंखे नीट चालत नसतील.

आदर्शचं मी लपवलं, कारण तुम्ही दोघं एकमेकांशी बोलायचं थांबवलं असतं. आता ऐक. कप मांडणीवर ठेवला गेला तेव्हा तो माझ्याशेजारी येऊन खाली फरशीवर बसला होता. दिवे लागल्यावर मला ओठ दिसतील असा समोर आला आणि म्हणाला, "आई, मामीनं खरंच ठेवला होता का?" मी म्हटलं, मी दारात उभी होते. तो लेकरासारखा रडला. मग तिथंच त्याच्या ऑफिसचे साहेब भेटले, त्यांना म्हणाला, "ही माझ्या मामीची गोष्ट आहे." नांदेडला तोच मला गाडीनं आणणार आहे. आरतीही येते. मी तिला सांगितलंय, आता हसू आलं तर माझ्यासमोर हस.

नांदेडला फळ्यावर काय लिहायचं ते कार्यालयवाल्यावर सोडू नको. खडू माझ्या हातात दे, माझं अक्षर अजून चांगलं आहे. मुदखेडच्या शेवटच्या क्वार्टरात भांडी घासणाऱ्या बाईचा सिनेमा, असं मोठ्या अक्षरात लिहीन. ज्याला लाज वाटते त्यानं येऊ नये. आणि तिथंही हसले तर परत आवाज बंद कर. दहा वेळा हसले तर दहा वेळा कर.

तुझ्या पत्रातलं त्या मागच्या रांगेतल्या बाईचं बोलणं मी आरतीला वाचून दाखवलं. तर ती म्हणाली, "आत्याबाई, तुमीबी तेच करत होता की." मला ते आठवत नव्हतं, तिनं आठवण करून दिली. मालिकेत तू बोलून थांबलीस की मी इथं टीव्हीपुढं बसून म्हणायचे, "हाव माय, बोल. मी ऐकायले." रोज म्हणायचे. तुझ्यापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच.

तुझी आत्या,
सरजाबाई